नागदवण्याचा कांदा आणि प्रयोगशाळेंतील मोजमाप

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. शाळा सुटल्यावर नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी विज्ञानाच्या खोलीच्या दाराशीं घुटमळत उभा होता. त्याच्या हातांत वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेला एक मोठा कांदा होता. त्याला माती तशीच चिकटलेली होती व वरचीं पट्ट्यांसारखीं लांब पानें अर्ध्यावर कापलेलीं होतीं. तो नागदवण्याचा कांदा होता हें मीं तेव्हांच ओळखलें. कोल्हापुरांत कितीतरी घरांच्या कुंपणाशीं हें झाड शोभेसाठीं लावलेलें असतें व त्याला अरुंद, लांब पाकळ्यांच्या पांढऱ्या सुवासिक फुलांचे झुबके येतात. "सर," तो हळूच म्हणाला, "घरचे म्हणत्यात, ह्याचा रस आजोबांना दिला तर त्यांचं इसरणं कमी हुईल. द्यावा काय?"

चौकशी केल्यावर सर्व हकीकत समजली. त्याचे आजोबा ज्या वाटेनें जन्मभर शेताकडे गेले तीच वाट आतां विसरूं लागले होते, व कधींकधीं नातवाला त्याच्या बापाच्या नांवानें हांक मारीत. डॉक्टरांनीं ह्या रोगाचें नांव अल्झायमर असें सांगितलें होतें. पुढें शेजारच्या एका गृहस्थांनीं कोठेंतरी वाचलें कीं, ह्या रोगावरील एक औषध नागदवण्याच्या कुळांतील कांद्यांपासून काढतात. ही बातमी खोटी नव्हती, आणि म्हणूनच तिच्यांत धोका अधिक होता. निव्वळ खोटी गोष्ट लवकर उघडकीस येते. अर्धी खरी गोष्ट मात्र चांगल्या माणसांनाही फसविते.

"देऊं नका, आणि डॉक्टरांना विचारल्यावांचून कांहींच देऊं नका," इतकें सांगून मीं त्याला घरीं पाठविलें. परंतु त्याच्या डोळ्यांतील "कां?" हा प्रश्न माझ्या मागें राहिला. ज्या कांद्यांत औषध असतें असें शास्त्रज्ञ सांगतात, तोच कांदा देऊं नये असें मास्तर कां सांगतात? ह्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां येईल : मोजमाप. तें मोजमाप प्रयोगशाळेंत कसें करितात व त्यांत कोठें कोठें चूक होऊं शकते, हें विद्यार्थिमित्रांना समजावून सांगावें असा ह्या लेखाचा हेतु आहे.

वनस्पति आपल्या शरीरांत साखर, पिठूळ पदार्थ व तेलें तयार करितात. तशींच कांहीं नायट्रोजनयुक्त द्रव्यें तयार करितात. हीं द्रव्यें बहुधा चवीला कडू असून प्राण्यांच्या मज्जातंतूंवर, हृदयावर किंवा पोटावर अत्यंत अल्प प्रमाणांतही परिणाम करितात. चहा-कॉफींतील कॅफीन, तंबाखूंतील निकोटीन, सिंकोनाच्या सालींतील क्विनीन व अफूंतील मॉर्फीन हीं त्यांचीं सर्वांच्या परिचयाचीं उदाहरणें होत. आम्लाशीं संयोग पावून क्षार बनविण्याचा जो अल्कलीचा गुण, तो ह्या द्रव्यांच्याही ठिकाणीं आढळतो. म्हणून १८१९ सालीं मायस्नर ह्या जर्मन औषधशास्त्रज्ञानें त्यांना 'अल्कलॉइड', म्हणजे अल्कलीसारखें, असें नांव दिलें. गंमत अशी कीं, त्या वेळीं तो ज्या सॅबॅडिला नांवाच्या वनस्पतीच्या बियांचा अभ्यास करीत होता, तीही कांद्यापासूनच उगवणारी आहे.

नागदवण्याचा वंश क्रायनम व कुळ अमॅरिलिडेसी. उन्हाळ्याच्या अखेरीस लाल चेंडूसारखें फूल देणारी फुटबॉल लिली, थंड देशांतील नर्गिस, व बर्फ वितळूं लागतांच मान खालीं घालून उमलणारें स्नोड्रॉप हीं सर्व ह्याच कुळांतील. आधुनिक वर्गीकरणाप्रमाणें आपला रोजच्या भाजींतील कांदा व लसूण हेही ह्याच कुळांत येतात. परंतु ते त्या कुळाच्या वेगळ्या शाखेंतील असून आपण ज्यांचा विचार करीत आहों तीं अल्कलॉइडें त्यांत नसतात. नात्यानें जवळचे आणि गुणानें निराळे, असा हा प्रकार आहे. परदेशांत नर्गिसाचे कांदे खाण्याचे समजून शिजविल्यामुळें घरचीं माणसें वांत्यांनीं हैराण झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत.

ह्या कुळांतील अल्कलॉइडें शेंकड्यांनीं मोजण्याइतकीं आहेत. त्यांपैकीं दोहोंचीच ओळख आपण करून घेऊं. पहिलें लायकोरीन. हें १८७७ सालीं नर्गिसाच्या कांद्यांतून प्रथम वेगळें करण्यांत आलें. तें नागदवण्यांतही असतें, व पोटांत गेल्यास मळमळ व वांत्या उत्पन्न करितें. दुसरें गॅलन्टामीन. हें प्रोस्कुर्निना व याकोव्हलेवा ह्या सोव्हिएट संशोधकांनीं १९५२ सालीं काकेशसकडील एका स्नोड्रॉपच्या जातींतून मिळविलें. मेंदूंतील एका पेशीकडून दुसरीकडे निरोप पोंचविणारें ॲसिटिलकोलीन नांवाचें द्रव्य आहे. त्याचा नाश करणाऱ्या एन्झाइमाला गॅलन्टामीन आवर घालतें. त्यामुळें अल्झायमरच्या रोग्याच्या स्मृतीला कांहीं काळ आधार मिळतो. रोग मात्र त्यानें बरा होत नाहीं. अमेरिकेंत ह्या औषधाला २००१ सालीं मान्यता मिळाली. आज तें रासायनिक कृतीनेंही तयार करितां येतें.

आतां नवलाची गोष्ट पाहा. वनस्पतीच्या पेशींत हीं दोन्ही द्रव्यें एकाच मूळ द्रव्यापासून तयार होतात. म्हणजे तीं सख्खीं भावंडें होत. गॅलन्टामीनच्या रेणूंत कार्बनचे १७, हायड्रोजनचे २१, नायट्रोजनचा १ व ऑक्सिजनचे ३ अणु असतात. लायकोरीनच्या रेणूंत अनुक्रमें १६, १७, १ व ४. बेरीज करून पाहिल्यास दोघांचाही रेणुभार सुमारें २८७ भरतो! एक भावंड औषधी, दुसरें वांति आणणारें. आणि वजनाला दोघेही जवळजवळ सारखे. ह्या जुळ्यांना ओळखून प्रत्येकाचें प्रमाण सांगणें हीच प्रयोगशाळेची खरी परीक्षा आहे.

मोजमापाची सुरुवात प्रयोगशाळेंत होत नाहीं. ती शेतांत किंवा रानांत होते. कांदा कोणत्या जातीचा आहे हें प्रथम निश्चित केलें पाहिजे. क्रायनम वंशांत अनेक जाति आहेत व फुलें नसतांना त्या परस्परांपासून ओळखणें तज्ज्ञालाही कठीण जातें. म्हणून फूल-पानांसह एक नमुना दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून त्यावर स्थळ व तारीख लिहून कायमचा जपून ठेवतात. उद्यां कोणी शंका घेतल्यास तो साक्षीदार म्हणून पुढें करितां येतो. कांदा कोणत्या ऋतूंत काढला, फुलोऱ्यापूर्वीं कीं नंतर, ह्याचीही नोंद ठेवावी लागते. कारण एकाच झाडांत ऋतूप्रमाणें अल्कलॉइडांचें प्रमाण बदलतें, व पान, मूळ आणि कांदा ह्यांतही तें सारखें नसतें.

पुढें कांदा धुऊन, पातळ चकत्या करून, मंद उष्णतेवर वाळवितात. फार तापविल्यास नाजूक द्रव्यें बिघडण्याचें भय असतें. ओल्या कांद्यांत बहुतेक वजन पाण्याचेंच असतें, व तें पाणीही आज एक तर उद्यां दुसरें; म्हणून हिशेब कोरड्या वजनावर करण्याची रीत आहे. वाळलेल्या चकत्यांचें बारीक चूर्ण करून तें नीट कालवून घेतात व त्यांतून ठराविक भाग, समजा १ ग्रॅम, सूक्ष्म तराजूवर तोलतात. ह्या तराजूला कांचेचें घर असतें. कारण वाऱ्याची झुळूकसुद्धां त्याच्या पारड्याला खोटें बोलावयास लावते.

ह्यापुढील कृति रसायनशास्त्रांतील एका साध्या तत्त्वावर उभी आहे. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लागतांच लाल होतो हें आपण घरीं पाहतों. आम्ल व अल्कली ह्यांच्या सहवासानें पदार्थ आपलें रूप बदलतो, हेंच त्यावरून दिसतें. अल्कलॉइडही असेंच रूप बदलतें. आम्लाच्या सहवासांत तें क्षार बनून पाण्यांत विरघळतें. अल्कली घालतांच पुन्हां मोकळें होऊन पाणी सोडतें व क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकाचा आश्रय घेतें. ह्या स्वभावाचा फायदा घेऊन त्याला गर्दींतून वेगळें काढतात.

चूर्ण प्रथम मेथनॉलमध्यें भिजवून अर्क काढतात. त्यांत अल्कलॉइडांबरोबर मेद, रंग, शर्करा असे शेंकडों पदार्थ उतरतात. मेथनॉल उडवून देऊन राहिलेला चिकट भाग अत्यंत सौम्य गंधकाम्लांत कालवितात. मग तो द्रव, खालीं तोटी असलेल्या कांचेच्या नरसाळ्यांत घालून ईथरबरोबर हलवितात. मेद व रंग ईथरांत जातात. अल्कलॉइडें क्षाररूपानें पाण्यांतच राहतात. ईथरचा थर वेगळा करून पाण्यांत अमोनिया घालतात. आतां अल्कलॉइडें मोकळीं होतात, व क्लोरोफॉर्मबरोबर हलवितांच त्यांत उतरतात. क्लोरोफॉर्म पाण्याहून जड असल्यामुळें तळाशीं बसतो व तोटी उघडून काढून घेतां येतो. ही क्रिया एकदां करून भागत नाहीं. तीनचार वेळां करावी लागते, कारण प्रत्येक वेळीं थोडा अंश मागें राहतोच. विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, मेथनॉल विषारी, ईथर ज्वालाग्राही व क्लोरोफॉर्म शरीराला अपायकारक आहे; हा प्रयोग घरीं करण्याचा नव्हे.

मिळालेल्या अर्कांत अल्कलॉइड आहे कीं नाहीं हें पाहण्याच्या दोन जुन्या परीक्षा आहेत. पारा व आयोडीन ह्यांच्या संयुगापासून केलेलें मायरचें द्रावण घातल्यास दुधी सांका पडतो. बिस्मथ असलेलें ड्रागेनडॉर्फचें द्रावण घातल्यास नारिंगी किंवा तांबूस. एकोणिसाव्या शतकांत निघालेल्या ह्या परीक्षा आजही उपयोगांत आहेत. परंतु त्या फक्त "आहे" किंवा "नाहीं" एवढेंच सांगतात. कोणतें आहे, व किती आहे, ह्यांविषयीं त्या मुक्या आहेत.

"किती" ह्या प्रश्नाचें पहिलें उत्तर आपल्या ओळखीच्या ब्युरेटनें दिलें. अल्कलॉइड आम्लाशीं संयोग पावतें. मग किती आम्ल खर्चीं पडलें हें मोजलें म्हणजे अल्कलॉइड किती होतें हें निघतें. रेणुभार २८७ धरल्यास, एक-पन्नासांश नॉर्मल आम्लाचा १ मिलिलिटर म्हणजे ५.७४ मिलिग्रॅम अल्कलॉइड. कोणत्याही विद्यार्थ्यानें हा हिशेब करून पाहावा. पद्धति स्वस्त व सोपी आहे. परंतु आपले जुळे आठवा. दोघांच्याही रेणूंत नायट्रोजनचा अणु एकच. त्यामुळें आम्ल दोघेही सारख्याच मापानें घेतात. ब्युरेट दोघांची बेरीज सांगतो, वांटणी सांगत नाहीं. १० मिलिग्रॅम अल्कलॉइड आहे असें कळलें, तरी तें सर्व औषध आहे, सर्व वांतिकारक आहे, कीं अर्धें अर्धें आहे, हें अंधारांतच राहतें.

दुसरी पद्धति प्रकाशाची. मानवी डोळ्याला न दिसणारे जंबुपार किरण द्रावणांतून सोडले असतां द्रव्य त्यांचा कांहीं भाग शोषून घेतें. द्रावण जितकें दाट तितकें शोषण अधिक. तेव्हां शोषणावरून प्रमाण काढतां येतें. परंतु येथेंही जुळे आडवे येतात. कारण दोघेही साधारण त्याच लांबीच्या, म्हणजे २९० नॅनोमीटरच्या आसपासच्या, किरणांना अधिक शोषतात. वजनानें सारखे, आम्लाशीं सारखे, प्रकाशाशींही सारखे! मग त्यांना ओळखावें तरी कसें?

हा तिढा सोडविणारी युक्ति प्रत्येक विद्यार्थ्याला टीपकागदावर पाहतां येईल. टीपकागदाच्या पट्टीवर खालून दोन बोटें वर काळ्या शाईचा एक ठिपका द्यावा व पट्टीचें टोंक पाण्यांत बुडवावें. पाणी वर चढूं लागलें म्हणजे त्या काळ्या ठिपक्यांतून निळा, तांबडा, पिंवळा असे निरनिराळे रंग निघून वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. जो रंग कागदाला अधिक चिकटून राहतो तो मागें पडतो, जो पाण्याबरोबर अधिक रमतो तो पुढें जातो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेट ह्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्याच तत्त्वानें पानांतील रंगद्रव्यें खडूच्या नळींतून वेगळीं केलीं. ह्या पद्धतीला मराठींत वर्णलेखन म्हणतात. पुढें ह्या शास्त्रांत इतकी प्रगति झाली कीं, मार्टिन व सिंज ह्या दोघांना त्याबद्दल १९५२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

आजच्या प्रयोगशाळेंतील यंत्रांत टीपकागदाऐवजीं वीतभर लांबीची पोलादी नळी असते. तींत अत्यंत बारीक कण ठासून भरलेले असतात व पंपाच्या जोरानें त्यांतून द्रावक ढकलला जातो. म्हणून ह्या पद्धतीला उच्चदाब द्रव-वर्णलेखन म्हणतात. अर्काचा एक सूक्ष्म थेंब आंत सोडला म्हणजे त्यांतील द्रव्यें नळींतून आपापल्या चालीनें चालूं लागतात. वजनानें सारखे असलेले आपले जुळे येथें मात्र पकडले जातात; कारण दोघांची ठेवण निराळी असल्यामुळें नळींतील कणांना दोघे सारखे चिकटत नाहींत, व ते वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर पडतात. दाराशीं जंबुपार किरणांचा पहारा असतो. प्रत्येक द्रव्य बाहेर पडतांना कागदावर किंवा पडद्यावर एक शिखर उमटतें. शिखर केव्हां उमटलें ह्यावरून द्रव्य कोणतें हें समजतें. शिखर किती मोठें ह्यावरून तें किती हें समजतें.

हिशेब कसा करितात तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. शुद्ध गॅलन्टामीन तोलून, दर मिलिलिटरला २०, ४० व ६० मायक्रोग्रॅम अशीं द्रावणें केलीं, व त्यांचीं शिखरें ४००, ८०० व १२०० एकक क्षेत्रफळाचीं आलीं. आलेख काढल्यास सरळ रेषा येते. आतां आपल्या अर्काचें शिखर १००० एककांचें आलें. रेषेवरून पाहतां तें ५० मायक्रोग्रॅमचें ठरतें. अर्क एकूण १० मिलिलिटर होता, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, अर्थात् अर्धा मिलिग्रॅम. तो १ ग्रॅम चूर्णांतून आला; म्हणून प्रमाण शेंकडा ०.०५.

येथें थांबणारा विद्यार्थी पास होईल, परंतु शास्त्रज्ञ होणार नाहीं. कारण चूर्णांत होतें तितकें सर्व गॅलन्टामीन अर्कांत उतरलें कशावरून? नरसाळ्यांत, गाळणकागदावर, भांड्याच्या कडांना कांहीं राहिलें नसेल काय? ही शंका फेडण्याची रीत मोठी प्रामाणिक आहे. त्याच चूर्णाचा दुसरा १ ग्रॅम घेऊन त्यांत आरंभींच शुद्ध गॅलन्टामीन ५०० मायक्रोग्रॅम मिसळावें व सर्व कृति पुन्हां करावी. काहींच गळालें नसतें तर ५०० अधिक ५०० मिळून १००० यावयास हवे होते. समजा, आले ९००. म्हणजे आपण घातलेल्या ५०० पैकीं ४००च हातीं लागले, शंभरास ऐंशीं. मग पहिल्या वेळींही शंभरास ऐंशींच हातीं लागले असले पाहिजेत, व ५०० हा आंकडा खरें म्हणजे ६२५ चा आहे. जो मनुष्य आपल्या हातून किती सांडलें हें स्वतः मोजून सांगतो, त्याच्याच आंकड्यावर विश्वास ठेवावा. शिवाय प्रत्येक माप निदान तीनदां घ्यावें, व चूर्ण न घालतांही सर्व कृति एकदां करून पाहावी. नाहींतर भांड्यांतील मळाचेंच शिखर औषध म्हणून नोंदलें जावयाचें.

तरीही संशय उरल्यास रेणूंचें वजन करणारें यंत्र नळीच्या पुढें जोडतात. साध्या यंत्राला आपले जुळे दोन्ही २८७ चेच दिसतात. अतिसूक्ष्म यंत्राला मात्र एक २८७.१५ व दुसरा २८७.१२ असा फरक दिसतो. शंभराव्या भागांतील ह्या तीन अंशांवर एका द्रव्याची ओळख अवलंबून असते, हें पाहिलें म्हणजे दशांश चिन्हाचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांना कांहीं बोध व्हावा.

हें सर्व दूर परदेशांतच चालतें असें कोणी समजूं नये. १९६२ सालीं स्थापन झालेलें आपलें शिवाजी विद्यापीठ शाळेपासून फार लांब नाहीं. तेथील वनस्पतिशास्त्र विभागांत क्रायनम वंशाचा बारकाईनें अभ्यास झाला आहे. केरळांतील पाण्यांत वाढणारी क्रायनम मलबारिकम ही जाति शास्त्राला अपरिचित होती. तिचें वर्णन २०१२ सालीं मनोज लेखक व श्रीरंग यादव ह्या येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. पुढें विद्यापीठांतील संशोधकांनीं भाभा अणुसंशोधन केंद्रांतील सहकाऱ्याच्या साह्यानें निवडक क्रायनम जातींत गॅलन्टामीन किती आहे हें मोजलें व तो निबंध २०१४ सालीं 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकांत छापून आला. आधीं झाडाची ओळख, मग त्यांतील द्रव्याचें माप, हा क्रम येथें स्पष्ट दिसतो. ज्याला झाड ओळखतां येत नाहीं त्याच्या यंत्रांतून निघालेला आंकडा निनांवी पत्रासारखा असतो.

आतां त्या विद्यार्थ्याच्या आजोबांकडे वळूं. गॅलन्टामीनची मात्रा डॉक्टर दिवसाला ८ मिलिग्रॅमपासून सुरू करितात, व रोग्याची प्रकृति पाहून क्रमाक्रमानें २४ मिलिग्रॅमपर्यंत नेतात. म्हणजे ही सर्व औषधयोजना मिलिग्रॅमच्या घरांत चालते. कुंपणावरील कांद्याच्या वाटीभर रसांत गॅलन्टामीन किती व लायकोरीन किती, हें कोण सांगणार? चव सांगत नाहीं, रंग सांगत नाहीं, आणि वरील सर्व खटाटोपावांचून शास्त्रज्ञही सांगूं शकत नाहीं. औषधाचा अंश कदाचित् नगण्य असेल व वांतिकारकाचा भरपूर. आणि वृद्ध, अशक्त माणसाला वांत्यांचा उपद्रव साधा नसतो. औषध आणि विष ह्यांच्यामधील भिंत बहुधा परिमाणाची असते. आपल्या डोंगरांतील कळलावीच्या कंदांत कॉल्चिसीन आहे. तें मोजक्या मात्रेंत गाउट नांवाच्या संधिरोगावर देतात, आणि मात्रा चुकल्यास तेंच प्राण घेतें.

दुसरा एक हिशेब ह्याहूनही अधिक विचार करावयास लावणारा आहे. समजा, एखाद्या कांद्यांत कोरड्या वजनाच्या शेंकडा ०.१ इतकें गॅलन्टामीन निघालें, म्हणजे किलोला १ ग्रॅम. रोज १६ मिलिग्रॅम घेणाऱ्या एका रोग्याला वर्षाला ५.८४ ग्रॅम औषध लागतें, त्यासाठीं ५.८४ किलो वाळलेले कांदे हवेत. चार किलो ओल्या कांद्यांचा एक किलो वाळला असें धरल्यास, ओले कांदे सुमारें साडेतेवीस किलो झाले. आणि हें कृतींत कांहींच वायां गेलें नाहीं असें मानून. एका रोग्याला एका वर्षाला इतके, तर सहस्रावधि रोग्यांना किती? रानांतून हे कांदे खणून काढूं लागल्यास रान किती दिवस पुरेल?

ही भीति काल्पनिक नाहीं. सह्याद्रींत नरक्या नांवाचें एक झाड आहे. कर्करोगावरील औषधांस उपयोगी पडणारें कॅम्प्टोथेसीन त्यांत आहे असें प्रयोगशाळेंत ठरलें, आणि मग त्या झाडावर कुऱ्हाड चालली. ठिकठिकाणीं तीं झाडें तोडून, वाळवून विकलीं गेलीं. मोजमापानें गुण उघड केला, परंतु तो गुणच झाडाच्या मुळावर आला. क्रायनम वंशांतही महाबळेश्वराजवळील क्रायनम वुड्रोवीसारख्या जाति आहेत, कीं ज्यांचें रानांतील क्षेत्र अगदीं लहान आहे. म्हणून विवेकी संशोधक चूर्णाचा एक ग्रॅम घेतो व बाकीचें झाड जमिनींत राहूं देतो. आणि द्रव्य उपयुक्त ठरल्यास शेतांत लागवड करण्याचा किंवा प्रयोगशाळेंत पेशी वाढविण्याचा मार्ग शोधतो. वेल्समध्यें ह्याच औषधासाठीं नर्गिसाची शेती करण्यांत आली आहे. आपल्याकडील शेतकऱ्यांनाही एखादे दिवशीं असा मार्ग खुला होणार नाहीं असें नाहीं. परंतु त्याआधीं कोणत्या जातींत, कोणत्या महिन्यांत, कोणत्या भागांत किती, ह्याचे खरे आंकडे हवेत.

दुसऱ्या दिवशीं तो विद्यार्थी पुन्हां आला. त्याच्याबरोबर त्याची आईही होती. आम्ही तिघेही विज्ञानाच्या खोलींत बसलों. टीपकागदाची पट्टी व शाई घेऊन मीं त्यांना काळ्या रंगांतून निघणारे रंग दाखविले, आणि म्हणालों, "बाई, कांद्याच्या रसाचेंही असेंच आहे. वरून एक दिसतो, आंत कितीतरी आहेत. डॉक्टरांची गोळी म्हणजे त्यांतला एकच, निवडलेला, तोललेला." त्या माउलीनें पट्टी कितीतरी वेळ हातांत धरून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हणजे गोळीच द्यायची. रस न्हाई." आजोबांची स्मृति त्यामुळें परत आली असें मी लिहूं शकत नाहीं, तो रोगच तसा नाहीं. परंतु त्या घरीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें औषध वेळेवर दिलें जातें, आणि नातू रोज सायंकाळीं आजोबांचा हात धरून त्यांना शेताच्या वाटेनें फिरवून आणतो.

तो कांदा आम्हीं शाळेच्या आवारांत लावला आहे. त्याला नवीं पानें फुटलीं आहेत. त्याच्याजवळ विद्यार्थ्यांनीं एक पाटी लावली असून तिच्यावर झाडाचें नांव, वंश, कुळ व खालीं एक सूचना लिहिली आहे : 'पाहावा, अभ्यासावा, खाऊं नये.' विद्यार्थिमित्रहो, पुढें तुमच्यापैकीं कोणी प्रयोगशाळेंत जाईल, कोणी शेतांत, कोणी दवाखान्यांत. जेथें जाल तेथें कोणीतरी येऊन म्हणेल कीं अमुक मुळी गुणकारी आहे. त्याचा उपहास करूं नका, व लगेच विश्वासही ठेवूं नका. शांतपणें विचारा : कोणती जाति, कोणतें द्रव्य, किती प्रमाण, आणि मोजलें कोणीं व कसें? हे चार प्रश्न विचारण्याची संवय लागली, तर विज्ञानाच्या खोलींतील तुमचे तास वायां गेले नाहींत असें आम्ही शिक्षक समजूं.